अल्प खर्चात नेमबाजी : रायफलीला जोडावयाच्या सुट्या भागांची निवड

(हातोद, जिल्हा इंदूर येथे परिसरातील मराठी पालक व विद्यार्थी यांच्यासमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



आरंभीच एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मी नेमबाज नाही आणि बंदुकांचा कारागीरही नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे. शासनाच्या योजना, निर्णय आणि कार्यक्रम लोकांपर्यंत सुबोध भाषेत पोहोचविणे हे माझे काम. तरीही आजच्या विषयावर मला बोलावण्यात आले, याला दोन कारणे आहेत. हातोद हे माझे आजोळ, हे पहिले. दुसरे असे की, माझी कन्या गेली काही वर्षे एअर रायफल नेमबाजी करते आणि तिच्या रायफलीच्या पायी मी जितक्या चुका केल्या, तितक्या या सभागृहातील कोणी केल्या नसतील. चुकलेल्या माणसाला वाटेवरचे खड्डे पाठ असतात. ते दाखविण्यापुरताच माझा अधिकार.

या भागात नेमबाजीचे आकर्षण वाढावे, हे स्वाभाविकच आहे. याच इंदूर जिल्ह्यात महू येथे भारतीय सेनेचे नेमबाजी प्रशिक्षण पथक आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणारे विजय कुमार त्याच पथकातून पुढे आले. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील रतनपूर या खेड्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य अकादमीत शिकला. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्याने ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील आणि दिव्यांश पंवार यांच्या साथीने १० मीटर एअर रायफलचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी या तिघांनी नोंदविलेले १८९३.७ गुण हा विश्वविक्रम ठरला. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे! शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या या तरुणाने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. रतनपूर काय, कांबळवाडी काय, ही हातोदहून मोठी गावे नव्हेत. तेव्हा हातोदच्या मुलाने हातात रायफल धरली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो पैशाचा. परदेशी बनावटीची स्पर्धा रायफल मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर असते. साहजिकच आपण साधी, स्प्रिंगवर चालणारी देशी एअर रायफल घेतो आणि मग हळूहळू तिला निरनिराळे भाग जोडून ‘स्पर्धेची’ करू पाहतो. या इच्छेत गैर काही नाही. परंतु कोणता भाग जोडावा, कोणता जोडू नये आणि कोणत्या भागाला हातही लावू नये, याचा विवेक नसेल, तर पैसा जातो, वेळ जातो, आणि कधी कधी त्याहून मोलाचे काही जाते.

घरातलीच एक हकीगत

माझ्या कन्येने पहिली रायफल घेतली, त्या दिवशी दुकानदाराने मोठ्या आपुलकीने तीन वस्तू दाखविल्या. रायफलीवर बसवायची दुर्बीण, नळीखाली लावायचे दोन पायांचे स्टँड आणि खांद्यावर अडकवायचा उत्तम चामडी पट्टा. चित्रपटांतून आणि जाहिरातींतून या तिन्ही वस्तू आपण पाहिलेल्या असतात. मी तिन्ही घेतल्या. रायफलीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्यांत गेली. मुलीने चार महिने गच्चीवर त्या दुर्बिणीतून सराव केला आणि कागदावर सुरेख छिद्रे पाडली. आम्ही शेजाऱ्यांना ते कागद दाखवीत असू.

पुढे पहिली स्पर्धा आली. साहित्य तपासणीच्या टेबलावर बसलेल्या गृहस्थांनी रायफल हाती घेतली, माझ्याकडे पाहिले आणि एकही कठोर शब्द न उच्चारता तिन्ही वस्तू काढून माझ्या हातात ठेवल्या. दुर्बीण चालत नाही, आधाराचे स्टँड चालत नाही आणि उभ्याने नेम धरताना पट्ट्याचा उपयोग करता येत नाही. मुलीला उघड्या खाचेतून आणि माशीतून नेम धरण्याची सवयच नव्हती. साठ छर्रे झाडून ती बाहेर आली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. ती मला एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही आधी विचारलं का नाही?’’

मित्रहो, इतरांना नियम समजावून सांगणे हा ज्याचा पेशा, त्याने स्वतः नियमपुस्तिका उघडून पाहिली नव्हती. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे भाषण हे काहीसे त्या उत्तराच्या शोधातून आले आहे.

ईशापूरचा धडा

जुन्या रायफलीचे अल्प खर्चात रूपांतर करणे ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ३०३ बोअरची ली-एनफील्ड रायफल आपल्या सैन्यात आणि पोलिसांत अनेक दशके होती. तिच्यातील काही रायफली गुळगुळीत नळीच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या ४१० मस्केटमध्ये रूपांतरित झाल्या आणि पोलीस व पहारेकरी यांच्या हाती गेल्या.

पुढे १९६० च्या दशकात सैन्याने ७.६२ मिलिमीटरचे नवे काडतूस स्वीकारले. तेव्हा ईशापूरने जुन्याच आराखड्यावर ‘२ ए’ ही रायफल तयार केली. वरवर पाहणाऱ्याला ती जुनीच रायफल वाटावी. परंतु येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कारखान्याने जुन्या सांगाड्याला नुसती नवी नळी बसवून काम भागविले नाही. नव्या काडतुसाचा दाब अधिक होता, म्हणून सांगाड्याचे पोलादच बदलले. मॅगझिन नव्याने घडविले. पुढील ‘२ ए १’ या आवृत्तीत नेमपट्टीवरील अंतराची कमाल मर्यादाही २००० वरून ८०० वर आणली.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो. काटकसरीचा उद्देश असतानाही, जेथे दाब आणि धातू यांचा संबंध आला, तेथे अभियंते, प्रयोगशाळा आणि चाचण्या असलेल्या कारखान्याने तडजोड केली नाही. मग कानशी आणि ड्रिल यांच्या बळावर गल्लीतल्या दुकानात ते काम कोणी करून देतो म्हणाला, तर त्याच्यावर विसंबावे काय? रायफलीचे जे भाग दाब सोसतात, त्यांना हात लावणे हे कारखान्याचे काम आहे. जे भाग आपल्या शरीराला आणि डोळ्याला जुळवून घ्यायचे असतात, तेवढेच आपले क्षेत्र. ही रेघ प्रथम मनात आखून घ्यावी.

कायद्याची मर्यादा

हीच रेघ कायद्यानेही आखली आहे. शस्त्रास्त्र नियम, २०१६ अन्वये ज्या एअर रायफलीची नळी ४.५ मिलिमीटरहून अधिक व्यासाची आहे, किंवा जिची ऊर्जा २० ज्यूलहून अधिक आहे, तिला परवाना लागतो. स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते आणि तिची ऊर्जा साधारणतः साडेसात ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे जागतिक विजेतेपद ज्या ऊर्जेवर मिळते, ती कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे.

हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ तरुण ‘जोरदार’ स्प्रिंगच्या मागे लागतात. छर्रा किती वेगाने जातो, याची फुशारकी मारली जाते. एक साधा हिशेब करून पाहा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे साडेएकोणीस ज्यूल होते. म्हणजे आपण कायद्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो. पदरी काय पडते? दहा मीटरवरील कागदाला त्या जोराची गरजच नसते. उलट, अशा स्प्रिंगमुळे रायफलीला अधिक हिसका बसतो, जोडणीचे स्क्रू सैल होतात आणि नेम बिघडतो. सबब, शक्ती वाढविणारा कोणताही भाग आपल्या यादीतून प्रथमच खोडून टाकावा.

याहून गंभीर अशी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. गेल्या वर्षी येथे आलो असता माझ्या मामेभावाने मला बाजूला घेतले. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा, नेमबाजीचे वेड घेतलेला. सोयाबीनच्या पैशांतून काही रक्कम त्याच्यासाठी बाजूला काढली होती. कोणा कारागिराने त्यांना सुचविले होते की, ‘परवाना-बिरवाना काही नको, आहे त्याच एअर रायफलीचे थोडक्या पैशांत खऱ्या काडतुसाच्या रायफलीत रूपांतर करून देतो.’ मामेभाऊ म्हणाला, ‘‘दादा, तुम्ही सरकारी माणूस. यात काही भानगड नाही ना?’’

भानगड होती, आणि मोठी होती. १९५९ च्या शस्त्रास्त्र अधिनियमाच्या कलम ६ अन्वये अग्निशस्त्राची नळी आखूड करणे किंवा नकली शस्त्राचे खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करणे, हे परवान्यावाचून निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील अग्निशस्त्र दुसऱ्या वर्गात नेण्यासही हीच मनाई लागू केली. या अपराधाची शिक्षा ७ वर्षांहून कमी नाही आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. हा झाला कायदा. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी वाऱ्याच्या दाबासाठी बनविलेला धातू दारूचा स्फोट सोसण्यासाठी नसतो. तो फुटला, तर नेम धरणाऱ्याच्या गालापासून चार बोटांवर फुटतो. त्या घरात एका शेतकऱ्याची वर्षाची शिल्लक, एका मुलाचा डोळा आणि एका बापाची अब्रू या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पणाला लागल्या होत्या. सुदैवाने त्याने पैसे देण्यापूर्वी विचारले. विचारण्यात कमीपणा नाही, हे मला माझ्या मुलीने शिकविले होते. ते मी त्या दिवशी मामेभावाला सांगितले.

स्पर्धेचे नियम काय सांगतात

कायद्यानंतर येतात ते खेळाचे नियम. आपल्या देशात या खेळाचे नियमन भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना करते. १९५१ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होतकरू नेमबाजांची पायरी मानली जाते. मराठी माणसाने ही आठवण ठेवावी.

१० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा गोषवारा असा : रायफलीचे वजन साडेपाच किलोग्रॅमहून अधिक असू नये. दुर्बीण वापरता येत नाही. नेम उभ्यानेच धरावयाचा आणि त्याला पट्ट्याचा किंवा अन्य कशाचा आधार घ्यावयाचा नाही. जाकीट आणि पँट यांच्या जाडीला मर्यादा आहे. म्हणजे बाजारात ज्या वस्तू सर्वांत अधिक झळकतात, नेमक्या त्याच येथे निरुपयोगी ठरतात. ५० मीटरच्या रायफल प्रकारात गुडघ्यावर आणि पोटावर नेम धरताना पट्टा चालतो, हे खरे. पण ती पुढची इयत्ता आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय नियमांनुसार ‘ओपन साइट’ एअर रायफलच्या स्पर्धाही होतात. त्यांत रायफलीवरील मूळची खाच आणि माशी यांवरच नेम धरतात. साधी देशी रायफल घेऊन आरंभ करणाऱ्याने प्रथम याच प्रकाराकडे वळावे. त्यासाठी जवळजवळ कोणताही जादा भाग विकत घ्यावा लागत नाही, हा त्याचा मोठाच लाभ. ज्या स्पर्धेत उतरावयाचे, तिचे चालू वर्षाचे नियम आयोजकांकडून मागवून घ्यावेत आणि मगच खिशात हात घालावा.

मग खर्च कशावर करावा?

पहिला खर्च छर्ऱ्यांवर. पुष्कळांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, परंतु नेम सुधारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आपल्या रायफलीला मानवणारा छर्रा शोधून काढणे. कागदी लक्ष्यासाठी चपट्या डोक्याचा छर्रा घ्यावा. तो कागदात स्वच्छ गोल छिद्र पाडतो आणि गुण मोजताना वाद राहत नाही. टोकदार छर्रे दिसायला ऐटदार, पण या कामाचे नव्हेत. दोन-तीन प्रकारच्या लहान डब्या आणाव्यात. रायफल उशीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच छर्रे एकाच ठिकाणी नेम धरून सोडावेत. ज्या प्रकाराची पाच छिद्रे सर्वांत जवळ जवळ पडतील, तो आपला छर्रा. छिद्रे मध्यभागी पडली की बाजूला, याची चिंता येथे करू नये. ती नेमपट्टी फिरवून दुरुस्त होते. एकदा निवड झाली की, त्याच छर्ऱ्याच्या मोठ्या डब्या घेऊन ठेवाव्यात.

दुसरा खर्च दस्त्यावर, आणि तो जवळजवळ फुकटात होतो. बाजारातील रायफलीचा दस्ता प्रौढ माणसाच्या मापाचा असतो. चौदा वर्षांच्या मुलाला तो लांब होतो आणि मग मूल पाठ मागे टाकून, मान ताणून नेम धरते. याची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. माशी आणि खाच आपोआप एका रेषेत दिसली, तर दस्ता अंगाला बसला. मान उचलावी लागली किंवा गाल दाबावा लागला, तर बसला नाही. गाल खाली जात असेल, तर दस्त्यावर रबराची किंवा चामड्याची पट्टी थराथराने चढवावी. प्रारंभी पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांनीच उंची ठरवावी. माप पक्के झाल्यावर सुताराकडून लाकडी उंचवटा करून घ्यावा. खांद्याच्या टोकाला लांबी कमी-अधिक करणारी पट्टी मिळते, तीही चालेल. ही सारी कामे उलट करता येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. मूल वाढते, तसा दस्ताही बदलावा लागतो. मुळातला दस्ता कापू नये. आज कापलेला दस्ता उद्या वाढत नाही.

तिसरा विषय नेमाच्या साधनांचा. येथे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. बारीक छिद्रातून पाहण्याची ‘पीप साइट’ आंतरराष्ट्रीय प्रकारात वापरतात. साध्या रायफलीवर ती बसविण्याचा मोह अनेकांना होतो. ती घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, रायफलीच्या अंगावर तिच्यासाठी खाचा आहेत काय, आणि त्या तिच्या पकडीच्या मापाच्या आहेत काय? सामान्यतः हे माप ११ मिलिमीटर असते, परंतु अंदाजावर जाऊ नये, मोजून घ्यावे. दोन, मागची साधने उंच आणि पुढची माशी ठेंगणी अशी जोडी झाली, तर छर्रे लक्ष्याच्या वरच्या बाजूला जातात आणि स्क्रू कितीही फिरविला तरी खाली येत नाहीत. म्हणून पीप साइट आणि तिच्या उंचीला साजेशी पुढची कडी या एकत्रच पाहाव्यात. निरनिराळ्या दुकानांतून सुट्या घेऊ नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आपल्याकडील बहुतेक स्वस्त रायफली नळी मोडून भरावयाच्या असतात. त्यांची मूळची खाच आणि माशी ही दोन्ही नळीवरच बसविलेली असतात, त्यामुळे बिजागरीत थोडा खेळ असला, तरी दोघी एकत्रच हलतात. पीप साइट मात्र मागच्या सांगाड्यावर बसते आणि माशी पुढे नळीवर राहते. आता बिजागरी किंचित जरी सैल असेल, तरी दोहोंचे नाते प्रत्येक वेळी बदलते. माशी आणि पीप यांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तर दहा मीटरवरील लक्ष्य त्याच्या वीस पट दूर असते. म्हणजे येथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा खेळ तेथे दोन मिलिमीटर होतो. दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा त्याला स्पर्श करावयाचा, तर त्याचे केंद्र ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरहून दूर जाऊन चालत नाही. बिजागरीनेच त्यातील दोन मिलिमीटर खाऊन टाकले, तर मुलाच्या हाताला उरले काय? तात्पर्य, सैल बिजागरीच्या रायफलीवर महाग पीप साइट बसविणे म्हणजे गळक्या हंड्याला चांदीचे झाकण करणे होय. बिजागरीची दुरुस्ती निर्मात्याच्या अधिकृत कारागिराकडून आधी करून घ्यावी. नपेक्षा मूळच्या खाचेवरच समाधान मानावे.

चौथा विषय चापाचा. चाप हलका असावा, असे प्रत्येक नेमबाजाला वाटते. निर्मात्याने जेवढा स्क्रू ठेवला असेल, तेवढ्या मर्यादेत तो जाणकाराच्या देखरेखीखाली जुळवून घ्यावा. आतील भाग घासून किंवा बदलून तो हलका करू नये. असा चाप केव्हा, कोणाच्या दिशेने सुटेल, हे सांगता येत नाही. नळी मोडून भरावयाच्या रायफलीत तर भरताना चाप सुटला, तर नळी उसळून बोटे सापडण्याचा धोका असतो. भरताना नळीवरील पकड सोडू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

जुनी स्पर्धा रायफल घ्यावी काय?

काही पालक विचारतात, की साध्या रायफलीला एवढे भाग जोडण्यापेक्षा एखाद्या नेमबाजाने वापरलेली जुनी स्पर्धा रायफलच का घेऊ नये? मुलाने वर्ष-दोन वर्षे नेटाने सराव केला असेल, तर हा विचार निश्चितच शहाणपणाचा आहे. अशा रायफलीत दस्ता, गालपट्टी आणि नेमसाधने ही सारी मुळातच जुळवून घेता येणारी असतात, त्यामुळे वेगळे भाग घ्यावे लागत नाहीत.

मात्र तिच्या हवेच्या सिलिंडरवर लक्ष ठेवावे. या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार इतका दाब असतो. त्यावर निर्मितीचे वर्ष कोरलेले असते आणि सामान्यतः १० वर्षांची मुदत दिलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर साहित्य तपासणीत अडकतो आणि तो वापरणेही धोक्याचे असते. रायफल स्वस्तात मिळाली, पण सिलिंडर नवा घ्यावा लागला, तर तो खर्च किमतीत धरावा. सिलिंडरमध्ये कोरडी हवाच भरावी. ऑक्सिजन किंवा दुसरा कोणताही वायू कदापि भरू नये. विकणाऱ्याकडून रीतसर पावती आणि मूळ खरेदीचे कागद घेण्यास संकोच करू नये.

जाकिटाबाबतही असेच. वाढत्या वयाच्या मुलाला नवे जाकीट शिवून घेण्याची घाई करू नये. वापरलेले चालेल, पण ते अंगाला बसले पाहिजे आणि मापात उतरले पाहिजे.

हिशेबाची वही

माझा स्वतःचा, अनुभवाने सुचलेला हिशेब सांगतो. तो नियम नव्हे. घरात या छंदासाठी १०० रुपये असतील, तर ५० रुपयांहून अधिक रायफलीवर घालू नयेत. २० रुपये छर्रे आणि कागदी लक्ष्ये यांसाठी राखावेत. २० रुपये प्रशिक्षकाकडे आणि स्पर्धेला जाण्या-येण्यासाठी ठेवावेत. राहिलेल्या १० रुपयांत सुटे भाग बसवावेत. मी पहिल्या वर्षी याच्या बरोबर उलट केले होते, हे आपणांस आठवत असेलच.

प्रत्येक भाग घेताना चार प्रश्न विचारावेत. हा कायद्यात बसतो काय? हा स्पर्धेच्या नियमात बसतो काय? हा मुलाच्या अंगात आणि रायफलीच्या खाचेत बसतो काय? आणि नको असल्यास रायफलीला इजा न करता काढून ठेवता येतो काय? चारही उत्तरे होकारार्थी आली, तरच दुकानात जावे.

सरावाला फारशी जागा लागत नाही. दहा मीटरची मोकळी जागा, १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर लक्ष्याचे केंद्र, मागे छर्रे अडविणारी भक्कम पेटी आणि बाजूने कोणी येऊ-जाऊ शकणार नाही असा बंदोबस्त, एवढे पुरे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय अन्नाला स्पर्श करू नये. रायफल रिकामी असतानाही भरलेली आहे असेच समजावे आणि तिचे तोंड माणसाकडे वळवू नये.

यशवंत सागराच्या काठावर

एक विनंती करून मी रजा घेतो. आपल्याजवळच यशवंत सागर आहे. इंदूरला पाणी पाजणाऱ्या या जलाशयाला २०२२ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तेथे सारस पक्ष्यांच्या जोड्या दिसतात. एअर रायफल हाती आली की काही मुलांना झाडावरचा पोपट, तळ्यावरचा बगळा यांवर नेम धरण्याची हुक्की येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षित पक्ष्यांची शिकार हा अपराध आहे. पण येथे मी कायद्याचा धाक घालू इच्छीत नाही. ज्याला दहा मीटरवरील अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साधावयाचा आहे, त्याने एवढ्या मोठ्या पक्ष्यावर नेम धरण्यात कसली आली मर्दुमकी?

आता माझ्या मामेभावाच्या मुलाविषयी. त्या कारागिराला दिला जाणारा पैसा वाचला. मुलाने मूळचीच रायफल ठेवली. सुताराने दस्त्यावर लिंबाच्या लाकडाचा उंचवटा बसविला, आणि तीन डब्यांतून त्याने आपला छर्रा निवडला. त्याच्या रायफलीवर आज एकही झगमगीत वस्तू नाही. ओपन साइट प्रकारातील त्याची पहिली स्पर्धा नुकतीच झाली. पदक मिळाले नाही. परंतु साहित्य तपासणीच्या टेबलावरून त्याची रायफल जशी गेली तशीच परत आली, आणि सराव ज्या साधनांवर केला होता, त्याच साधनांवर त्याने शेवटचा छर्रा सोडला. घरी येऊन त्याने वहीत आपले गुण लिहिले आणि त्याखाली पुढच्या स्पर्धेची तारीख लिहिली.

माझ्या कन्येला पहिल्या दिवशी जे मी देऊ शकलो नाही, ते या मुलाला मिळाले, याचे मला समाधान आहे. आपल्या मुलांनाही ते मिळो, अशी सदिच्छा व्यक्त करतो.

जय हिंद!